लागलं तर असावं

आमच्या माळ्यावर एक पातेलं आहे. चाळीस माणसांचा मसालेभात एका दमात शिजेल एवढं. आईनं ते १९७४ साली घेतलं. घरात तेव्हा माणसं पाच. वडिलांनी विचारलं, "हे एवढं कशाला?" आई म्हणाली, "लागलं तर असावं." वडील गप्प बसले. या वाक्यापुढे आमच्या घराण्यात आजवर कोणी तोंड उघडलेलं नाही.

तेव्हापासून ते पातेलं तीनदा लागलं. एकदा माझ्या लग्नात, एकदा चिरंजीवांच्या मुंजीत आणि एकदा २००५ च्या जुलैत, छत गळायला लागलं तेव्हा. खरं सांगायचं तर तिसऱ्या खेपेलाच ते सगळ्यात जास्त दिवस कामी आलं. तरी ते मोडीत काढायची कोणाची छाती नाही. मोडीत काढलं आणि दुसऱ्याच दिवशी चाळीस माणसं जेवायला आली तर?

मध्यमवर्गीय माणूस हौसेपायी खर्च करतो असं उगाच म्हणतात. तो खर्च करतो भीतीपायी, आणि त्या भीतीला 'दूरदृष्टी' असं भारदस्त नाव देतो. हे माझं संशोधन पातेल्यापाशीच थांबायचं, पण मध्ये चिरंजीवांचा कॉम्प्युटर आला.

आमचे चिरंजीव स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. म्हणजे इमारत पडू नये याचा हिशेब करतात. हे काम ते घरीच, डोंबिवलीतल्या आमच्या आतल्या खोलीत बसून करतात. आधी इमारतीचा सांगाडा कॉम्प्युटरवर उभा करायचा, मग त्याला वारा घालायचा, भूकंपाचे धक्के द्यायचे आणि कुठला खांब कुरकुरतो ते पाहायचं. जुना कॉम्प्युटर या धक्क्यांनी स्वतःच कुरकुरायला लागला होता. संध्याकाळी भूकंप सुरू केला तर मध्यरात्री संपायचा. तेव्हा नवा घ्यायचं ठरलं आणि अर्धे पैसे मी घालायचे असंही ठरलं. अर्धे पैसे घालणाऱ्याला पूर्ण मत असतं, या न्यायानं मी त्यात पडलो.

प्रश्न साधा होता. प्रोसेसर दोन जातींचे. एक डेस्कटॉपचा, म्हणजे चार घरांत असतो तो. दुसरा वर्कस्टेशनचा. 'वर्कस्टेशन' हा शब्द ऐकल्याबरोबर माझं मत झालं होतं. आमचं चिरंजीव 'वर्क' करतं, आणि ते 'स्टेशन'पासून सात मिनिटांवर राहतं. यापुढे आणखी काय पाहायचं?

तरीही आम्ही रीतसर लॅमिंग्टन रोडला गेलो. डोंबिवलीहून दादर, दादरहून ग्रँट रोड. दुकानातला पोरगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, बजेट बोला." मी म्हणालो, "आधी माल दाखव." आमच्या घराण्यात बजेट आधी सांगत नाहीत.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, असं सगळे सांगतात. मला मेंदूचा अनुभव कमी, बँकेचा जास्त; अडतीस वर्षं मी तिथं काढली. म्हणून मी आपलं बँकेच्या भाषेत समजून घेतलं. प्रोसेसर म्हणजे शाखा. तिच्यातले 'कोअर' म्हणजे कारकून. मेमरी म्हणजे टेबलावर उघड्या पसरलेल्या खतावण्या. आणि मेमरीचे 'चॅनल' म्हणजे त्या खतावण्या आणून देणारे शिपाई. डेस्कटॉपचा रायझन ९, २०२४ साली आलेला, त्याच्या शाखेत सोळा कारकून आणि दोन शिपाई. वर्कस्टेशनचा थ्रेडरिपर, २०२३ च्या नोव्हेंबरात आलेला, त्याच्या थोरल्या शाखेत चौसष्ट कारकून आणि चार शिपाई. त्याचाच एक 'प्रो' नावाचा भाऊ आहे, त्याच्याकडे तर शिपाईच आठ! आमच्या शाखेत एक शिपाई होता आणि तोही चहाला गेलेला असायचा. मला गहिवरून आलं.

"चौसष्ट घे," मी चिरंजीवांच्या कानात म्हणालो.

"बाबा, सोळांना पुरेल एवढंच काम आहे माझ्याकडे."

"आत्ता आहे. पुढे वाढलं तर? लागलं तर असावं."

बोललो आणि दचकलो. माझ्या तोंडून आई बोलली होती.

किमती ऐकल्यावर मात्र वडील बोलायला लागले. सोळा कारकुनांचा प्रोसेसर बाजारात आला तेव्हा त्याची किंमत होती ६४९ डॉलर. चौसष्टांच्या शाखेची ४,९९९. म्हणजे कारकून चौपट आणि पगार जवळजवळ आठपट. शिवाय आपल्याकडे कर वगैरे वेगळे. बरं, एवढ्यावर भागत नाही. या शाखेला बोर्ड निराळा, मेमरी निराळी, गार ठेवायची व्यवस्था निराळी. हा एकटा प्रोसेसर साडेतीनशे वॅटचा, म्हणजे छताचे साडेचार पंखे. जावई एकटा येत नाही, सोबत मानपान येतात, तसं.

"पण कामाचा उरक बघ ना," मी म्हणालो. यावर चिरंजीवांनी मला दादरच्या गाडीत ॲमडाल नावाच्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. जीन ॲमडाल हे अमेरिकेतले कॉम्प्युटर बांधणारे इंजिनिअर. त्यांनी १९६७ साली एक गोष्ट दाखवून दिली, ती आमच्या बँकेतल्या कुठल्याही हेडक्लार्कनं डोळे मिटून सांगितली असती, पण हेडक्लार्कला कोण विचारतो! गोष्ट अशी की कामाचा काही भाग वाटून देता येतो, काही येत नाही. अर्धवार्षिक क्लोजिंगला खतावण्या सोळा जणांत वाटता येतात. पण सगळ्यांचं झाल्यावर शेवटची तेरीज एकालाच जमवावी लागते, आणि तेव्हा उरलेले पंधरा जण भजी खातात.

समजा, आठ तासांचं काम आहे. त्यातलं सहा तासांचं वाटता येतं, दोन तासांचं येत नाही. सोळा जणांना लावलं तर ते सहा तास साडेबावीस मिनिटांवर येतात, आणि एकूण लागतात दोन तास साडेबावीस मिनिटं. चौसष्ट जणांना लावलं तर सहा तासांची पावणेसहाच्या आसपास मिनिटं होतात, आणि एकूण दोन तास सहा मिनिटं. म्हणजे अठ्ठेचाळीस माणसं जादा नेमून वाचली सतरा मिनिटं. आणि गंमत अशी की सोळांच्या शाखेतला एकटा कारकून चौसष्टांतल्या एकट्यापेक्षा हात जरा चलाख ठेवून असतो. त्यामुळे ती सतरा मिनिटंही बरीचशी तिथल्या तिथे जिरतात.

मी हट्टानं विचारलं, "मग चौसष्टवाले घेतं तरी कोण? वेडे का सगळे?"

"वेडे कसे? ज्यांचं सगळं कामच वाटून देता येतं, ते घेतात. सिनेमातली ॲनिमेशनची चित्रं असतात ना, हजारो. प्रत्येक चित्र वेगळं, ज्यानं त्यानं आपापलं करावं, कोणी कोणासाठी थांबायला नको. शिवाय काहींना मेमरीच एवढी लागते की ती दोन शिपायांच्या डेस्कटॉपवर मावत नाही. त्यांना चौसष्ट स्वस्त पडतात."

म्हणजे ज्याच्याकडे रोज चाळीस पानं उठतात त्यानं पातेलं घ्यावं. मला माळा आठवला आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

रात्री जेवताना हा विषय सौ.समोर निघाला. सौ.ला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही अशी माझी समजूत आहे, आणि ती वेळोवेळी खोटी ठरते. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "अरे, पण त्या महागाच्यातले लोक चुकत नाहीत का रे?"

मी हसलो. चिरंजीव हसले नाहीत. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"आई, खरा फरक तिथेच आहे. दुकानात मी बोललो नाही, कारण बाबा चौसष्टात रमले होते."

मग जे कळलं ते असं. कॉम्प्युटरच्या मेमरीत सगळं शून्य आणि एक या दोन खुणांनी लिहिलेलं असतं. क्वचित कधी एखादी खूण आपोआप उलटते. शून्याचा एक होतो. कारण चिपमधला दोष असेल, किंवा आकाशातून सतत येणाऱ्या विश्वकिरणांमुळे सुटलेला एखादा कण असेल. साध्या मेमरीला याचा पत्ताच लागत नाही. ती उलटलेली खूणच खरी मानून पुढे जाते. वर्कस्टेशनच्या मेमरीत मात्र तपासनीस बसवलेला असतो. त्याला 'ईसीसी' म्हणतात. डीडीआर-४ पर्यंतच्या मेमरीत याचा सरळ हिशेब असा होता: प्रत्येक चौसष्ट खुणांमागे आठ जादा खुणा, नुसत्या पडताळ्याच्या. त्या चौसष्टांत एक चूक झाली तर ती नेमकी कुठे ते कळतं आणि जागच्या जागी दुरुस्त होते. दोन झाल्या तर दुरुस्त होत नाहीत, पण तपासनीस ओरडतो. खोटा आकडा गुपचूप पुढे सरकवत नाही.

ही युक्ती रिचर्ड हॅमिंग यांची. बेल लॅबोरेटरीत त्यांना मोठं यंत्र शनिवार-रविवारचंच मिळायचं. यंत्राला चूक झाल्याचं कळायचं, पण कळल्यावर ते काम टाकून द्यायचं. सोमवारी हे येऊन बघतात तर सगळं बोंबललेलं. वैतागून त्यांनी विचार केला, की चूक झाली एवढं ज्याला कळतं त्याला ती कुठे झाली हे का कळू नये? त्यातून निघालेला लेख १९५० साली छापून आला.

मला हे ऐकून फार आनंद झाला, कारण आमच्या बँकेत ही विद्या होती. तेरीज चुकली आणि फरकाला नऊनं भाग गेला, तर कुठेतरी ६३ चे ३६ झालेत असं समजावं आणि उलटसुलट आकडे शोधायला लागावं. हॅमिंगसाहेब आमच्या शाखेत चालले असते.

"पण असं खरंच होतं का?" सौ. म्हणाली.

चिरंजीवांनी बेल्जियमची हकीकत सांगितली. २००३ साली ब्रुसेल्सजवळ स्खारबेक इथं मतदान यंत्रावर झालं. एका बाईंना हिशेबात बसत नाहीत इतकी मतं पडली. फेरमोजणी केली तर नेमकी ४,०९६ जास्त. दोनला दोननं बारा वेळा गुणत गेलं, आपलं, एकापासून सुरू करून बारा वेळा दुप्पट केली की ४,०९६ होतात. म्हणजे एकच खूण उलटली की नेमका एवढाच फरक पडतो. तपासणाऱ्यांना दुसरं काही कारण सापडलं नाही. चूक पकडली गेली, कारण आकडा अशक्य होता. बेचाळीस मतं वाढली असती तर?

जेवण झालं, पण मला झोप येईना. सौ.ला वाटलं मी पैशांचा विचार करतोय. मी १९८१ सालचा विचार करत होतो.

बँकेत लागून मला तीन वर्षं झाली होती. जूनचे दिवस. १४६३ नंबरच्या खात्यात भरलेले चारशे रुपये मी १४३६ मध्ये लिहिले. रक्कम बरोबर, खातं चुकीचं. दिवसाची तेरीज बिनचूक जमली. नऊनं भाग जायला फरकच नव्हता ना! तपासणाऱ्या साहेबांनी त्या ओळीवर सही केली होती. ती बघून केली की डबा उघडायच्या घाईत केली, हे त्यांना ठाऊक.

चार दिवसांनी १४६३ वाल्या बाई पैसे काढायला आल्या. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. मुलाची फी भरायची होती. मी खतावणी उघडली आणि खिडकीतून, आमच्या तेव्हाच्या पद्धतीनं, म्हणजे सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, "बाई, खात्यात एवढे पैसे नाहीत." त्या भांडल्या नाहीत. पैसे भरल्याची पावती त्यांच्या घरी असणार, पण खिडकीमागचा माणूस सरकारी वहीत बघून सांगतोय म्हटल्यावर त्यांना ती आठवलीही नसेल. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

चूक सापडली ती आमच्या हुशारीनं नव्हे. १४३६ वाले गृहस्थ सज्जन निघाले. महिन्याअखेर येऊन म्हणाले, "माझ्या खात्यात चारशे रुपये कुठून आले?" आम्ही निरोप पाठवून बाईंना बोलावलं. फीची तारीख उलटून गेली होती. ज्या नणंदेपुढे हात पसरायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, तिच्याकडूनच त्यांना पैसे घ्यावे लागले होते. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवतील. त्यांनी पासबुक पिशवीत ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं, माझंच मोजण्यात चुकलं."

शिवी दिली असती तर मी ती केव्हाच विसरलो असतो.

अंथरुणात पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आलं, की दिवसभर मी चुकीचा प्रश्न विचारत होतो. 'किती लागेल?' हा प्रश्न आमच्या पातेल्याचा. त्याला शेवटच नाही, कारण भीती नेहमी वरच्या आकड्याला जाऊन बसते. सोळा घेतले तर चौसष्ट हवे, चौसष्ट घेतले तर प्रो. विचारायला हवं होतं ते सौ.नं विचारलं. चुकलं तर कळेल का? आणि त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न: आपण चुकलो तर भरणार कोण?

मी माझी पत्रं टाइप करतो. त्यात एखादी खूण उलटली तर फार तर 'कळावे' चं काहीतरी भलतंच होईल. त्याला साधी मेमरी चालेल. नातू क्रिकेटचे खेळ खेळतो. तिथे विकेट चुकून पडली तर तो रडेल, बाकी काही नाही. पण चिरंजीवांच्या हिशेबातल्या खांबावर कोणीतरी स्लॅब घालणार, आणि त्याच्याखाली कोणीतरी पाळणा टांगणार. त्या माणसांनी थ्रेडरिपर पाहिलेला नाही, ईसीसी ऐकलेलं नाही. ती आपली निर्धास्त झोपणार. उद्या भिंतीला तडा गेला तर त्यांनाही वाटेल, आपणच खिळा चुकीचा ठोकला.

सकाळी मी चहाच्या वेळी जाहीर केलं, "थ्रेडरिपर घे. तपासनीस पाहिजे."

"पण बाबा, तपासनिसासाठी अठ्ठेचाळीस जादा कारकून कशाला?" चिरंजीव म्हणाले.

मी चहा बशीत ओतायचा थांबलो. मला वाटत होतं, सचोटी फक्त मोठ्या शाखेतच मिळते. तसं नाही. डेस्कटॉपच्या रायझनलाही ईसीसी मेमरी चालते, मात्र बोर्ड तिला मानणारा पाहिजे. इंटेलच्या २०२२ पासूनच्या काही कोअर प्रोसेसरांनाही चालते, तिथेही ठराविक जातीचा बोर्ड लागतो. बहुतेक लोक हे विचारत नाहीत, म्हणून दुकानं ठेवत नाहीत. दुकानं ठेवत नाहीत, म्हणून लोक विचारत नाहीत.

पुन्हा लॅमिंग्टन रोड. पोरगा म्हणाला, "काका, नव्या डीडीआर-५ मेमरीत ते असतंच की!" चिरंजीवांनी त्याला समजावलं, की ती दुरुस्ती चिपच्या पोटातल्या पोटात होते. चिपमधून निघून प्रोसेसरपर्यंत जाताना वाटेत काही बिघडलं तर तिला पत्ता नाही, आणि आत काय दुरुस्त केलं हे ती प्रोसेसरला धड कळवतही नाही. मला असे कारकून ठाऊक आहेत. स्वतःची चूक स्वतःच रबरानं खोडतात आणि साहेबांना बोलत नाहीत.

"असं कॉम्बिनेशन कोणी घेत नाही," पोरगा म्हणाला. "मागवावं लागेल. आठवडा लागेल. पैसे थोडे जास्त."

"मागव," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढेमागे लागेल म्हणून न घेता, रोज लागतं म्हणून काहीतरी घेत होतो.

यंत्र आलं. सौ.नं त्याला हळदकुंकू वाहिलं. चिरंजीवांनी मला बजावून ठेवलं, की तपासनीस आला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही. आपणच चुकीचा आकडा भरला तर ही मेमरी तो चुकीचा आकडा अगदी अचूक सांभाळून ठेवते. म्हणून ते अजूनही महत्त्वाचे खांब हातानं करून बघतात आणि आराखडा दुसऱ्या इंजिनिअरला तपासायला देतात. तो दुसरा इंजिनिअर डबा उघडायच्या घाईत नसतो ना, एवढी चौकशी मी करून ठेवली आहे.

परवा, सहा महिने झाले म्हणून, मी विचारलं, "काय रे, त्या तपासनिसानं किती चुका पकडल्या?"

चिरंजीवांनी नोंद उघडून बघितली. "शून्य."

"शून्य? मग ते जादा पैसे पाण्यातच गेले की!"

"बाबा, जुन्या कॉम्प्युटरवरही शून्यच असतील कदाचित. पण तिथे ते कळत नव्हतं."

मी काही बोललो नाही. बँकेत अडतीस वर्षांत माझी सापडलेली चूक एक. न सापडलेल्या किती, ते मोजणारी वही आमच्याकडे नव्हती.

पातेलं अजून माळ्यावरच आहे. ते मोडीत काढावं असं मी सौ.ला सुचवून पाहिलं. ॲमडालसाहेबांचा दाखला दिला, सतरा मिनिटांचा हिशेब मांडून दाखवला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि खिडकीतून आभाळाकडे बघितलं. पाऊस तोंडावर आला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "लागलं तर असावं."